कोणाच्याच दिराची नसलेली होडी

माझ्या सासूबाईंनी पुण्यात तीसेक वर्षं फ्रेंच शिकवलं, आणि तेवढ्या काळात त्यांना फ्रेंच बोलणारा खराखुरा माणूस भेटला तो एकदाच. तो डेक्कनला रस्ता विचारत होता. सासूबाईंनी त्याला इतकं शुद्ध उत्तर दिलं की तो बिचकून इंग्रजीत थँक यू म्हणाला आणि भलत्याच दिशेने चालायला लागला. ही गोष्ट त्या स्वतःच सगळ्यांना सांगतात, तेव्हा सून चहाड्या करतेय असं कोणी समजू नये.

ज्यांना पुण्याचं पाणी लागलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे फ्रेंच ही भाषा नाही, तो स्कोअरिंगचा विषय आहे. अकरावीला पोरं फ्रेंच घेतात ती काही पॅरिसला जायला नाही, नव्वदच्या वर जायला. ठरलेले निबंध, ठरलेली पत्रं, ठरलेली उत्तरं. अख्ख्या वर्गाचा आवडता ऋतू एकच, आणि तो आवडण्याची कारणंही तीच. सुहासिनी खांबेटे बाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, वर्गातलं पोर नव्वदच्या खाली आलं तर त्याचे आईबाप बाईंकडे यायचे नाहीत, पोराची पत्रिका घेऊन ज्योतिषाकडे जायचे, असा त्यांचा दरारा. लाल पेन, कडक इस्त्रीची साडी आणि निळी लूना. त्या लूनावरून त्यांनी कोथरूडपासून कॅम्पपर्यंत सगळं पुणं पालथं घातलेलं.

सासरे गेल्यावर सलिलने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, त्यांना इकडे सिडनीजवळ वॉलॉंगॉंगला आणलं. सलिल इथल्या युनिमध्ये इंजिनियरिंग शिकवतो, मी हॉस्पिटलमध्ये फिजिओ आहे. आमचं घर टेकडीवर. खिडकीतून समुद्र दिसतो, आल्यागेल्याला आम्ही तो कौतुकाने दाखवतो, पण साधं दूध आणायचं तरी गाडी काढावी लागते. बस आहे, पण ती तिच्या मर्जीने येते. आणि सासूबाईंकडे लायसन्स फक्त दोनचाकीचं, तेही पुण्याचं.

मग काय, जी बाई कुणाला न विचारता गावभर फिरायची, ती दुपारपासूनच पर्स मांडीवर घेऊन सोफ्यावर बसायला लागली. मी शिफ्टवरून आले की लायब्ररीत सोडेन, ही आशा. मी यायची ती पार पिट्टा पडून. माझा चेहरा बघितला की त्या पर्स बाजूला ठेवून म्हणायच्या, राहू दे गं, काही अडलेलं नाही. हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरायचं, कारण अडलेलं असायचंच. त्यांनी सरळ भांडण काढलं असतं तर मला सोपं गेलं असतं. पण आमच्या घरात कोणी मोठ्याने भांडत नाही. सगळे मनात भांडतात आणि तोंडाने चहा हवा का विचारतात.

रविवारी सकाळी सलिल रॉक पूलवर पोहायला जातो. समुद्राकाठी खडकात बांधलेला तलाव, लाट आली की तीही आत येते. सासूबाई शाल गुंडाळून बाकावर बसायच्या. तिथे त्यांना हेदर भेटली. हेदर सत्तरीची, ऐन थंडीत पोहणारी आणि ओल्या अंगाने कोणाशीही गप्पा ठोकणारी. काय करायचात असं तिने विचारलं, सासूबाईंनी फ्रेंचची टीचर होते म्हणून सांगितलं, तर त्या बयेने थंडगार ओल्या हातांनी सासूबाईंचे दोन्ही हात धरले आणि सोडेचना. सलिलला वाटलं काहीतरी मेडिकल इमर्जन्सी आहे. तो पूलमधून तसाच धावत आला.

झालं होतं असं की हेदर सिडनीतल्या एका छोट्या फंडाच्या कमिटीवर होती. फंड म्हणजे काही टाय लावलेल्या लोकांचा कारभार नाही. इथल्या बायकांनी आपल्या पगारातून, पेन्शनमधून पैसे जमवायचे आणि जगात कुठेकुठे गावपातळीवर बायकांच्या हक्कांसाठी भांडणाऱ्या बायकांना द्यायचे, एवढंच. ज्यांच्याकडे ऑफिस नाही, लेटरहेड नाही, नुसती हिंमत आहे, अशांना. अर्ज कुठल्याही भाषेत करा, बोलून रेकॉर्ड करून पाठवा तरी चालेल, असं त्यांच्या वेबसाइटवर लिहिलेलं. त्यामुळे पॅसिफिकच्या बेटांवरून, आफ्रिकेतून फ्रेंचमध्येही अर्ज यायचे. आणि पडून राहायचे, कारण कमिटीत एकीलाही फ्रेंचचा गंध नव्हता. कॉम्प्युटर भाषांतर करून द्यायचा, पण शंका आली तर फोन करून विचारायचं कोणी आणि कुठल्या भाषेत? मग पैसे दरवर्षी इंग्रजीवाल्यांकडे जायचे. हेदर सांगत होती, पॅसिफिकमधल्या वानुआटूत एका गावात इंग्रजी मिशनची शाळा तर पलीकडच्या गावात फ्रेंच मिशनची. इकडून मदत निघाली की नेमकी इंग्रजी गावात उतरते, आणि फ्रेंच गावातल्या बायका किनाऱ्यावरून बघत बसतात.

सासूबाईंनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे पेपर आलेत, पण परीक्षकच नाही?"

त्या दिवसापासून पर्स मांडीवर घेऊन बसणं बंद झालं. आमचं डायनिंग टेबल म्हणजे परीक्षा केंद्र झालं. एका टोकाला लॅपटॉप, मध्ये पुण्याहून आणलेली जाडजूड डिक्शनरी, आणि कपाटातून लाल पेन बाहेर. पाच अर्ज होते. आम्ही तिघं उभ्याने ओट्यापाशी जेवायचो आणि कुरकुर करायची कोणाची छाती नव्हती. आमची लेक श्रिया म्हणाली, आजी इज ऑन फायर. तेव्हा कळलं की घरातल्या सगळ्यांनाच हे दिसलंय.

पाचातला एक अर्ज त्यांच्या खास जिव्हाळ्याचा झाला. तो वानुआटूच्या एका लहानशा बेटावरून आला होता, आणि तो अर्ज नव्हताच, व्हॉइस मेसेजेसची माळ होती. पाठवणारी मारी-नोएल. ती बाजारात भाजी विकायची. तिने आसपासच्या गावांतल्या बायका गोळा केल्या होत्या. एखाद्या घरात बाईला मार बसला की ह्या सगळ्या जणी मिळून त्या गावात जायच्या, पुरुषांची जिथे बैठक भरते त्या घरासमोर बसायच्या आणि गाणी म्हणायच्या. गाण्यात मारणाऱ्याचं नाव असायचं. तो माफी मागेपर्यंत गाणं थांबायचं नाही. पुरुष म्हणायचे घरी जा, त्या म्हणायच्या अजून कडवी आहेत. हे ऐकून सासूबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

मेसेजेसच्या मागे कोंबड्या, लाटा, कुणाचं तरी पोर, सगळं एकदम चालू. सासूबाई डोळे मिटून ऐकायच्या आणि मध्येच कळवळायच्या, अगं काय बोलते ही, वाक्याला शेंडा ना बुडखा. एकदा त्यांनी धीर करून फोनच लावला. आधी आरशासमोर उभं राहून घसा साफ केला, ते मी बघितलं. पलीकडून मारी-नोएल थोडा वेळ ऐकत राहिली आणि मग खो खो हसत म्हणाली की मादाम, तुम्ही अगदी आमच्या बिशपसारखं बोलता. सासूबाईंनी फोन ठेवल्यावर मला हे सांगितलं तेव्हा त्यांना राग आलाय की गुदगुल्या झाल्यात, मला कळेना. त्यांनाही कळत नसावं.

मारी-नोएलच्या बायकांना हवी होती एक होडी, इंजिन असलेली. गावं समुद्राच्या कडेकडेने विखुरलेली, रस्ता नाही, दवाखाना पलीकडच्या बेटावर. आणि वादळांचा मोसम सुरू व्हायच्या आत हवी होती, कारण मग समुद्र खवळला की लाकडी होडक्यातून जाणं म्हणजे जिवाशी खेळ. कमिटी पैसे वाटते वर्षातून एकदाच. ह्या खेपेला नाही मिळालं तर अख्खा मोसम तसाच काढायचा.

सासूबाईंनी पाचही अर्ज इंग्रजीत लिहून काढले. पुन्हा पुन्हा लिहिले, घोटून घोटून गुळगुळीत केले. मारी-नोएलच्या अर्जाची सुरुवात मला अजून पाठ आहे. मराठीत सांगायची तर अशी होती: 'स्त्रियांच्या सर्वांगीण उन्नतीच्या प्रक्रियेत सागरी दळणवळणाचे महत्त्व अनन्यसाधारण आहे.' मी वाचून म्हटलं, छान आहे. सासूबाई म्हणाल्या, छान काय, पैकीच्या पैकी आहे. आणि अर्ज हेदरकडे रवाना झाले.

एका संध्याकाळी हेदर घरी आली. हातात घरी केलेला लेमन केक. इथली माणसं वाईट बातमी सहसा केकबरोबर आणतात, हे एव्हाना मला ठाऊक झालंय. तिने बराच वेळ आमच्या टेकडीवरून दिसणाऱ्या समुद्राचं कौतुक केलं. मग म्हणाली की कमिटीत जरा गडबड झालीय. पाचही अर्ज वाचले सगळ्यांनी. पाचही एकाच हाताचे वाटतात. एकजण म्हणाली की हे कुठल्या तरी भाडोत्री कन्सल्टंटने लिहून दिलेत, ह्यामागे खरंच बायका आहेत की नाहीत देव जाणे. म्हणून पाचही बाजूला ठेवलेत. शनिवारी शेवटची बैठक आहे. तोवर काही वेगळं समोर आलं नाही, तर ह्या वर्षीही फ्रेंचवाल्यांना काही नाही.

हेदर बिचारी माफी मागत गेली. सासूबाईंनी तिला हसून निरोप दिला, दार लावलं आणि मग जो तोंडाचा पट्टा सुटला तो काही विचारू नका. काय समजतात काय स्वतःला? बायका आहेत की नाहीत म्हणे. आयुष्यात माझ्या लिखाणाला कोणी डिस्टिंक्शनच्या खाली मार्क दिले नाहीत. ह्यांना साधं बोंझूर धड म्हणता येत नाही आणि मला शिकवतायत. लाल पेन टेबलावरून उडून फ्रिजखाली गेलं. सलिल कचरा टाकायला म्हणून जो बाहेर गेला तो बराच वेळ आलाच नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, हे आमच्या सासूबाईंना अगदी लागू आहे.

मी पोळ्या लाटत होते. राग ओसरल्यावर सासूबाई ओट्याशी येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, पण ते अर्ज काही वाईट नव्हते गं. मी म्हटलं, आई, खरं सांगू का, मला वाचताना जांभई आली होती. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी लाटणं घट्ट धरलं. मग मी म्हटलं, ती मारी-नोएल नक्की काय बोलते ते मला एकदा ऐकवा ना. मला फ्रेंच कळत नाही, तुम्ही मराठीत सांगा. लिहू नका, नुसतं सांगा.

त्यांनी फोन ओट्यावर ठेवला आणि मेसेज लावला. मारी-नोएल एक वाक्य बोलायची, सासूबाई मेसेज थांबवून मराठीत सांगायच्या. आधी जरा अडखळल्या. मग लयीत आल्या.

"माझ्या बहिणीचा हात तिच्या नवऱ्याने मोडला, तो शुक्रवार होता. दवाखाना पलीकडच्या बेटावर. होडी तिच्या दिराची. दीर म्हणाला, आधी घरातलं घरात मिटवा, मग होडी देतो. ते मिटवणं सोमवारपर्यंत चाललं. हात वाकडाच जुळला. आम्ही गाणी म्हणतो, मोर्चे काढतो, कोणाला भीत नाही. पण समुद्र ओलांडायचा म्हटलं की कुणाच्या तरी दिराचे पाय धरावे लागतात. आम्हाला अशी होडी हवी, जी कोणाच्याच दिराची नाही."

तव्यावरची पोळी करपली. मी रोज असे वाकडे जुळलेले हात बघते, तेव्हा तो हात मला अगदी डोळ्यांसमोर दिसला. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

मी विचारलं, हे अर्जात कुठे होतं? सासूबाई म्हणाल्या, काढलं मी ते. मी म्हटलं, का? त्या म्हणाल्या, "अगं, घरातली धुणी अशी परक्यांच्या अंगणात धुवायची असतात का? उद्या कमिटीतल्या बायका काय म्हणतील तिच्या बहिणीला? झाकली मूठ सव्वा लाखाची."

मला राग आला होता आणि त्याहून जास्त त्यांची माया कळत होती. त्यांना खरंच वाटत होतं की आपण त्या पोरीची अब्रू राखली. करपलेली पोळी मी कचऱ्यात टाकली आणि दुसरी लाटायला घेतली. सासूबाई खिडकीशी गेल्या. मग म्हणाल्या, लूनाची गोष्ट सांगितलीय का मी तुला कधी?

लूनाच्या शंभर गोष्टी मी ऐकल्या होत्या. ही नव्हती. नवीन लग्न झालेलं. पहिल्या पगारातून घेतलेली लूना. एकत्र कुटुंब. धाकट्या दिराला कॉलेजला जायला गाडी हवी होती, आणि शिवाय सून गावभर फिरते हे घरात कोणाला पटत नव्हतं. तर तो चावी शर्टाच्या खिशात ठेवायचा. मागितली की म्हणायचा, वहिनी, कुठे जायचंय सांगा, मी सोडतो. सासूबाई चालत शाळेत जायच्या. शाळेत सगळे विचारायचे, गाडी कुठे गेली? त्या सांगायच्या, दुरुस्तीला टाकलीय. उन्हाळा गेला, पाऊस गेला, लूना आपली दुरुस्तीलाच. शेवटी त्याला नोकरी लागली, त्याने स्वतःची स्कूटर घेतली, तेव्हा चावी परत मिळाली. ह्यातलं अक्षर त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. सासऱ्यांना माहीत होतं, पण ते गप्प बसले होते, आणि त्याचंही त्यांना तेवढंच लागलं होतं.

"झाकल्या मुठीत काही नसतं गं," त्या म्हणाल्या. "नुसता घाम असतो."

आणि फ्रिजखालचं लाल पेन काढायला वाकल्या. मला वाटलं आता पुन्हा लिहायला बसणार. तर त्यांनी ते पेन सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि फोन उचलला.

फोनवर काय बोलणं झालं ते मला नंतर कळलं. सासूबाईंनी मारी-नोएलला आधी खरं काय ते सांगितलं. तुझं बोलणं मी गाळलं, मला वाटलं तुझ्या बहिणीची लाज जाईल. आता ते मी कमिटीत सांगू का? मारी-नोएलने फोन बहिणीकडेच दिला. ती म्हणाली, मादाम, माझा हात अख्ख्या बेटाला माहीत आहे, कोंबड्यांनासुद्धा माहीत आहे. लाज मला कशाची? होडी अडवणारी मी थोडीच होते. तुम्ही सांगावं म्हणून तर आम्ही तुम्हाला सांगितलं. सासूबाई मग उरलेल्या चारही जणींना फोन लावत बसल्या. प्रत्येकीचं गाळलेलं काही ना काही निघालंच. एकीचं तर गाणंच गाळलं होतं.

शनिवारी माझी शिफ्ट होती. सलिल म्हणाला, आई, मी गाडीने सिडनीला सोडतो. त्या म्हणाल्या, नको. तो म्हणाला, ट्रेनचा प्रवास लांबचा आहे, मध्ये ट्रॅकवर्क असतं, उतरून बस घ्यावी लागते. त्या म्हणाल्या, सलिल, मला कोणी सोडलेलं नको आहे. इतक्या गोड आवाजात म्हणाल्या की तो निमूटपणे स्टेशनपर्यंतच गेला. कडक इस्त्रीची साडी, वरून माझं जॅकेट, पायात श्रियाचे स्नीकर्स. डब्यात गूळपोळ्या. कमिटीला लाच नाही हो, प्रवासात भूक लागली तर म्हणून.

तिथलं सगळं हेदरने मला सांगितलं, आणि सासूबाईंनी काही खोडून काढलं नाही, म्हणजे खरंच असणार. त्यांनी कागद नेलाच नव्हता. टेबलाच्या मधोमध फोन ठेवला आणि आमच्या ओट्यावर केलं तसंच केलं. मारी-नोएलचा आवाज, मग इंग्रजीत त्यांचा. कोंबड्यांसकट. उन्नती नाही, दळणवळण नाही. मग एकेक करून बाकीच्या चौघी. आणि मग त्यांनी स्वतःहून सांगितलं की आधीचे पाच कागद माझे होते, त्या बायकांचे नव्हते, ते फाडून टाकलेत तरी चालेल.

तरी एक शंका निघालीच. ज्या बाईला कन्सल्टंटचा संशय आला होता तिने विचारलं की होडी दिली, तर ती फक्त ह्याच कामासाठी वापरली जाईल ह्याची खात्री काय? दर फेरीची नोंद ठेवणार का त्या? तिचं विचारणं तिच्या जागी बरोबरच होतं. इतरांचे पैसे होते.

सासूबाई म्हणाल्या, "नाही ठेवणार. त्यातून मासे आणतील, लग्नाला जातील, सहज फिरायलाही जातील. माझ्याकडे गाडी होती तेव्हा मी शाळेत जायचे, भाजी आणायचे आणि कधीकधी काही काम नसताना टेकडीवर वारा खायला जायचे. कुठे चाललीस असं कोणी विचारलं नाही की मगच ती गाडी आपली असते. तुम्हाला त्यांना होडी द्यायची असेल तर ती देऊन टाका. नाहीतर तुम्ही दीर व्हाल."

हेदर म्हणते की त्या शंकेखोर बाईलाच हसू फुटलं. ती म्हणाली, मला आयुष्यात कोणी दीर म्हटलं नव्हतं. होडी मंजूर झाली, एकही अट न घालता. बाकीच्या चौघींपैकी तिघींनाही मिळालं, चौथीला पुढच्या खेपेला नक्की असं ठरलं. गूळपोळ्याही संपल्या. सासूबाई ट्रेनने परत आल्या तेव्हा मी स्टेशनवर उभी होते. मला लांबूनच बघून त्यांनी डबा उलटा करून दाखवला, आणि मी ओळखलं.

आता सासूबाई फंडाच्या अधिकृत फ्रेंच रीडर आहेत. पगार नाही, पण कोणी विचारलं की मान ताठ करून सांगतात. हल्ली त्या जे सांगतात ते आधी ओट्याशी उभं राहून मला मराठीत सांगतात. मला जांभई आली तर परत सांगतात. पोळ्या हल्ली सलिल करतो, कारण माझ्या करपतात. जाड्या होतात, पण तोंड उघडायची सोय नाही.

वादळांचा मोसम तोंडावर आला असताना एका सकाळी मारी-नोएलचा फोटो आला. निळी होडी, मागे इंजिन, आत दाटीवाटीने बसलेल्या बायका आणि एक बकरी. होडीच्या अंगावर पांढऱ्या रंगाने फ्रेंचमध्ये मोठ्या अक्षरांत नाव रंगवलेलं. सासूबाईंनी चष्मा लावून वाचलं आणि मला सांगितलं: 'दिराची नव्हे'. त्या हसत सुटल्या. मीही हसत सुटले. सलिल विचारत राहिला काय झालं, आणि आम्हा दोघींना बोलताच येईना. फोटोखाली मारी-नोएलने सांगितलं होतं की पहिली फेरी दवाखान्याची नव्हती. पलीकडच्या बेटावर लग्न होतं, तिकडे सगळ्या गेल्या होत्या. उगाच. वारा खायला.

मग सासूबाईंनी हसू आवरून फोन तोंडाजवळ धरला आणि एकच प्रश्न विचारला. फ्रेंच मला येत नाही, पण चावी ह्या शब्दाला काय म्हणतात ते एव्हाना मला कळतं. त्यांनी विचारलं, इंजिनाची चावी कोणाकडे असते?

उत्तर लगेच आलं. सासूबाईंनी ते दोनदा ऐकलं, आणि मग मला सांगितलं. चावी कोणाकडेच नसते. बाजाराच्या खांबाला एक खिळा ठोकलाय, त्यावर लाल दोरीला लटकते. जिला लागेल ती घेते.

त्या सकाळी पहिल्यांदाच मी माझ्या सासूबाईंना रडताना बघितलं. सासरे गेले तेव्हाही त्या माझ्यासमोर रडल्या नव्हत्या. मी त्यांना जवळ घेतलं. आमच्या घरात असं कोणी करत नाही, त्यामुळे दोघींनाही हात कुठे ठेवायचे ते नीट जमलं नाही. मग त्यांनी पदराने डोळे पुसले आणि सलिलला हाक मारून हातोडी कुठे आहे ते विचारलं.

आमच्या पुढच्या दाराशी आता एक खिळा आहे. माझ्या गाडीची चावी त्यावर असते, लाल दोरीला. सासूबाईंनी लर्नरची परीक्षा पहिल्या फटक्यात पास केली. किती मार्क पडले ते त्या विचारल्याशिवायही सांगतात. गाडीला पिवळी एल पाटी लागलीय आणि शेजारच्या सीटवर मी बसते, पाय जमिनीत रोवून, तोंडातल्या तोंडात रामरक्षा म्हणत. काल टेकडी उतरताना मी विचारलं, आई, कुठे चाललोय आपण? त्यांनी रस्त्यावरची नजर न हलवता सांगितलं की असं विचारायचं नसतं.